रूपकुंडची हाडं : ‘सगळे एकाच दिवशी गेले’ हे गृहीत धरल्याचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं गाळायची पद्धत असते. इथं ती वेळच येत नाही. ज्यांचं हे प्रकरण, त्यांतल्या एकाचंही नाव आज कुणाला ठाऊक नाही. प्रयोगशाळेत त्यांना क्रमांक आहेत, तेवढेच. संशोधकांची नावं छापील आहेत, तीही गरजेपुरतीच घेतो. दोष कुणाच्या माथी मारायचा हेतू नाही. मला रस आहे तो एका गृहीतकात. ते कुणी मुद्दाम मांडलं नव्हतं, म्हणून ते कुणी तपासलंही नाही.

पार्श्वभूमी

उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ पर्वताच्या अंगाखांद्यावर, ५,००० मीटरहून जास्त उंचीवर रूपकुंड आहे. तळं म्हणायचं एवढंच. या काठावरून मारलेली हाक त्या काठाला सहज ऐकू जाते. वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेलं असतं. बर्फ हटलं की काठावरच्या दगडगोट्यांत आणि उथळ पाण्याखाली माणसांची हाडं दिसायला लागतात. किती माणसांची, याचे अंदाज तीनशेपासून आठशेपर्यंत जातात. थंडीमुळे काही हाडांना मांस आणि केससुद्धा चिकटून राहिले होते. चामड्याच्या वहाणा, बांगड्या असंही काहीबाही सापडलं. लढाईवर निघालेल्या फौजेजवळ असतील अशी शस्त्रं मात्र नाहीत.

१९४२ मध्ये वनखात्याच्या एका माणसाने हे सगळं पाहिलं आणि बातमी खाली आली. युद्धाचे दिवस होते, तेव्हा जपानी सैनिक तर नव्हेत ना, अशी शंका आधी निघाली म्हणतात. हाडं तशी नवी नव्हती. १९५० च्या दशकात लखनौचे मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार यांनी त्यांचा अभ्यास केला, स्वामी प्रणवानंद वर जाऊन आले, आणि तर्कांची रांग लागली. तिबेटच्या स्वारीवरून परतणारं, १८४१ चं जोरावरसिंगाचं सैन्य. महंमद तुघलकाची वाट चुकलेली फौज. व्यापारी. साथीचा रोग. प्रत्येक तर्काचा नायक वेगळा, पण ढाचा तोच होता: एक तांडा, एक संकट, एक दिवस.

गढवालच्या लोकांना मात्र नायक शोधायची गरज नव्हती. नंदादेवीची राजजात, म्हणजे देवीची मोठी यात्रा, या तळ्याजवळून जाते. बारा वर्षांनी म्हणायची, प्रत्यक्षात तारखा पुढे-मागे होतात. १९८७, २००० आणि २०१४ ला ती निघाली होती. पुढे चार शिंगांचा मेंढा आणि मागे सगळा गाव. या यात्रेच्या गाण्यांत कनौजचा राजा जसधवल येतो. तो गरोदर राणीला आणि नाचणाऱ्या बायकांना घेऊन देवीच्या डोंगरावर चढतो, पावित्र्याचे नियम धाब्यावर बसवतो, देवी कोपते आणि आभाळातून लोखंडासारख्या गारा पडतात. वाटेवर ‘पातर नचौणी’ नावाची जागा आहे. नाचणाऱ्या बायका तिथंच गाडल्या गेल्या, असं वाटाडे अजून सांगतात.

अडचण

२००४ मध्ये एका वाहिनीच्या माहितीपटासाठी मोहीम वर गेली. तीत हायडेलबर्गचे मानवशास्त्रज्ञ विल्यम सॅक्स होते आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि प्रमोद जोगळेकर होते. वाळिंबे म्हणजे इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन गावांतल्या सांगाड्यांवर काम केलेला माणूस. हाड हातात घेतलं की ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, याची पक्की जाण असलेला.

काही कवट्यांवर त्यांना दाबून बसलेल्या जखमा दिसल्या. ही गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. माणूस जिवंत असताना, किंवा नुकता गेलेला असताना, हाडात कोलॅजन नावाचं लवचीक प्रथिन असतं. त्यामुळे जोराचा फटका बसला की हाड काचेसारखं फुटत नाही. ओल्या फांदीसारखं थोडं वाकतं, आत दबतं आणि दबलेल्या भागाच्या कडेने बारीक तडे जातात. शंभर वर्षांनी त्याच कवटीवर दगड घरंगळला तर तुटलेली कड कोरडी, सरळ आणि बाकीच्या हाडापेक्षा उजळ रंगाची निघते. जखमेनंतर माणूस काही आठवडे जगला असेल तर कडा भरून येऊन गुळगुळीत होतात. इथल्या जखमांच्या कडा भरलेल्या नव्हत्या. म्हणजे घाव मृत्यूच्या वेळचा. घाव माथ्यावर, वरून बसलेला. शस्त्राच्या पात्याचा नव्हे, कसल्यातरी गोल आणि जड वस्तूचा. झाड नाही, आडोसा नाही अशा उघड्या उतारावर आभाळातून गोल आणि जड असं दुसरं काय पडणार?

गारांनी माणसं मरतात यात अतिशयोक्ती नाही. १८८८ च्या ३० एप्रिलला मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं गेल्याची नोंद आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट ज्यांनी अंगावर घेतली, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मोजक्या हाडांचं रेडिओकार्बन वयही (हाडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं) निघालं: इसवी सनाचं साधारण नववं शतक. गाणं, घाव आणि तारीख अशा तिन्ही गोष्टी एका माळेत बसल्या. बातमी जगभर गेली आणि माहितीपटाला शेवट मिळाला.

नीट पाहिलं तर पुरावा एवढाच होता: असे घाव असलेल्या कवट्या तीन आणि वय काढलेली हाडं मूठभर. त्यांवरून निष्कर्ष काढला तो शेकडो माणसांबद्दल. तीन माणसं डोक्यावर काहीतरी पडून गेली, याला पुरावा होता. बाकीचेही तसेच आणि त्याच दिवशी गेले, याला नव्हता. तेवढी जागा ‘सगळी एकाच ठिकाणी आहेत म्हणजे एकत्रच गेली असणार’ या समजुतीने भरून काढली.

त्या समजुतीचा परिणाम पुढच्या वाचनावरही झाला. हाडांत उंच, थोराड बांध्याची माणसं होती आणि बुटकी, हलक्या हाडाचीही. एकच घटना गृहीत धरली की या फरकाचा अर्थ आपोआप लागतो: उंच ते बाहेरून आलेले यात्रेकरू आणि बुटके ते त्यांचं ओझं वाहणारे स्थानिक हमाल. दोन वेगळे लोक, कदाचित दोन वेगळ्या काळांतले, हा दुसरा अर्थ तितकाच शक्य होता. तो टेबलावर आलाच नाही.

आपल्याकडे या बातमीला वेगळीच फोडणी मिळाली. काही नमुन्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या, डीएनएमधला एक बदल कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतो, असं तेव्हा छापून आलं होतं. आमच्या ओळखीच्या एका काकांनी ते कात्रण जपून ठेवलं. मी म्हटलं, “काका, एवढ्याशा पुराव्यावर?” तर म्हणाले, “अरे, आपली माणसं काशीला जाऊन थांबायची नाहीत, पुढे काय आहे ते बघायला वर गेली असतील!” स्वभावाचं निदान म्हणून हे मला आजही पटतं. पुरावा म्हणून पटत नाही. मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए फक्त आईकडून येतं. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या पिढीत तुमचे हजारावर पूर्वज असतात आणि ही एक दोरी त्यांतल्या एकाच बाईपर्यंत पोचते. त्या दोरीवरची एक गाठ पाहून जात सांगणं म्हणजे आडनावावरून पायाचं माप सांगणं.

समोरचे पर्याय

खरं तर हे प्रकरण इथं मिटवता आलं असतं. उत्तर लोकांना आवडलं होतं, यात्रेच्या गाण्याशी जुळत होतं आणि विरोधी पुरावा नव्हता. बहुतेक प्रकरणं अशीच मिटतात.

दुसरा मार्ग हाडांचाच आणखी अभ्यास करण्याचा. त्यात मोठी अडचण होती. रूपकुंडला सांगाडे नाहीत, सुटी हाडं आहेत. हिमस्खलन, दरडी आणि माणसं यांनी ती इतकी विखुरली की ही मांडी आणि ही कवटी एकाच माणसाची, असं म्हणता येत नाही. वय, लिंग, उंची यांचे ठोकताळे बांधता येतात. माणूस उभा करता येत नाही.

तिसरा पर्याय पुरातत्त्वाच्या शिस्तीने उत्खनन करण्याचा. कोणतं हाड कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, हे सगळं नोंदवत जायचं. पण ५,००० मीटरवर कामाचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तळ्याकाठी ‘थर’ म्हणावं असं फारसं उरलेलं नाही.

चौथा पर्याय महाग आणि थोडा निर्दयी होता. प्रत्येक हाड स्वतंत्र माणूस समजायचं, प्रत्येकाचा संपूर्ण जनुकसंच वाचायचा आणि प्रत्येकाचं वय वेगळं काढायचं. निर्दयी अशासाठी, की त्यात हाडाला भोक पाडून भुकटी काढावी लागते आणि भुकटी झालेला भाग परत येत नाही. पुढच्या पिढीकडे चांगलं तंत्र येईल तेव्हा तिला तेवढं हाड कमी मिळणार, हे मान्य करूनच ड्रिल हातात घ्यायचं असतं.

काय केलं

हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत लालजी सिंह आणि कुमारसामी थंगराज यांच्या पुढाकाराने काम सुरू झालं. नीरज राय त्यात होते. सुरुवात मायटोकॉन्ड्रियापासूनच झाली, पण या वेळी मोठ्या संख्येने. तिथंच पहिली ठेच लागली. दक्षिण आशियात सहसा सापडणाऱ्या मातृवंशांबरोबर पश्चिमेकडचे मातृवंशही निघाले. इथं थांबून ‘मिश्र यात्रेकरू’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी नमुने संपूर्ण जनुकसंचासाठी पुढे नेले गेले. हार्वर्डची डेव्हिड राइख यांची प्रयोगशाळा आणि जर्मनीतली मॅक्स प्लँक संस्था सोबत आली.

नमुना काढणारा माणूस नखशिखांत झाकलेला असतो, कारण त्याचा एक शिंतोडा हजार वर्षांच्या डीएनएवर सहज मात करतो. हाडाचा वरचा पापुद्रा खरवडून टाकतात, कारण तो आजवर कितीजणांनी हाताळला असेल याचा हिशोब नसतो. मग आतल्या घट्ट भागातून चिमूटभर भुकटी घेतात. त्याच हाडातलं कोलॅजन वेगळं काढून दोन कामं करतात. एक म्हणजे रेडिओकार्बनने वय. दुसरं म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून आहार. गहू, भात, बार्ली या वनस्पती हवेतला कार्बन एका पद्धतीने बांधतात. ज्वारी, बाजरी, नाचणी दुसऱ्या. खाणाऱ्याच्या हाडात तो फरक वर्षानुवर्षं राहतो. भाकरी खाणारा आणि पोळी खाणारा मेल्यावरही ओळखू येतो म्हणा ना.

काय निघालं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये निकाल आला. ३८ माणसांचे जनुकसंच वाचता आले होते आणि त्यांचे तीन गट पडले. २३ जण आजच्या दक्षिण आशियाई लोकांसारखे, पण एका जातीचे किंवा एका प्रांताचे नाहीत. उपखंडाच्या निरनिराळ्या भागांतले वाटावेत असे. एक जण आग्नेय आशियाई वंशाचा. उरलेले १४ पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस आणि क्रीटमधल्या लोकांच्या सर्वांत जवळचे.

क्रीट! ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चहा खाली ठेवला.

तारखा त्याहून बोलक्या होत्या. २३ जणांचा गट साधारण सातव्या ते दहाव्या शतकातला. त्यांच्याही तारखा एकमेकींशी पूर्ण जुळत नव्हत्या, म्हणजे तेही एका दिवशी गेलेले नाहीत. भूमध्यवाले १४ आणि तो एकटा आग्नेय आशियाई मात्र इसवी सन १८०० च्या आसपासचे. या काळाचं रेडिओकार्बन जरा लबाड असतं. सतराव्या शतकानंतर वातावरणातल्या कार्बनचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच मोजमापाला तीन-तीन शतकांचा पट्टा मिळतो. म्हणून नेमकं वर्ष सांगता येत नाही. पण नवव्या शतकाशी गल्लत होण्याइतका तो लबाड नाही. दोन गटांत सुमारे हजार वर्षं होती. मजुमदारांच्या काळातले ‘तुघलकी’ आणि ‘जोरावरसिंगाचे’ हे दोन्ही तर्क एका फटक्यात गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ एकाच गारपिटीचाही.

स्त्रिया आणि पुरुष दोन्ही होते, त्यामुळे सैन्य नव्हतं. तपासलेल्यांत जवळच्या नात्याचं कुणीच नव्हतं, म्हणजे कुटुंबकबिला निघाला असंही दिसत नाही. रोगजंतूंच्या डीएनएचा माग लागला नाही.

पहिला संशय

असा निकाल आला की प्रयोगशाळेत आनंद होत नाही, धाबं दणाणतं. हिमालयात ग्रीक? नमुन्यात कुणा संशोधकाचं डीएनए मिसळलं का? पेटीवरची चिठ्ठी बदलली का?

जुन्या डीएनएची टोकं ठरावीक तऱ्हेने झिजलेली असतात. ताज्या डीएनएला ती झीज नसते. पुरुषाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच असतं. तिथं दोन वेगवेगळे वाचन आले की दुसरा कुणीतरी घुसला हे कळतं. पण मला सर्वांत पटलेला मुद्दा याहून साधा आहे. डीएनए, तारीख आणि आहार ही तीन मोजमापं वेगवेगळ्या तंत्रांनी होतात. तरीही डीएनएने ज्यांना भूमध्यवाले ठरवलं, तेच तारखेने अलीकडचे निघाले. आहारातही तोच फरक दिसला: भूमध्यवाल्यांच्या हाडांत ज्वारी-बाजरीसारख्या धान्याचा माग जवळजवळ नाही आणि समुद्री मासळीचाही नाही, तर जुन्या गटात काहींनी तसं धान्य बरंच खाल्लेलं, काहींनी नाही. हैदराबादेत किंवा बॉस्टनमध्ये कुणी शिंकलं म्हणून हाडाचं वय हजार वर्षांनी कमी होत नाही.

शिकंदराबरोबर आलेल्यांचे वंशज, हा तर्कही लगेच निघाला. तो टिकत नाही. दोन हजार वर्षं इथं राहून इथल्या लोकांशी सोयरीक झाली असती तर तिची खूण जनुकांत दिसली असती. या १४ जणांत ती नाही. शिवाय आहारही इथला नाही. ही माणसं बहुधा तेव्हाच्या उस्मानी (ऑटोमन) साम्राज्यात, समुद्रापासून आत कुठंतरी वाढलेली असावीत. एवढ्या लांबून इतका मोठा घोळका या डोंगरात येऊन मेला आणि त्याची एकही लेखी नोंद हाती लागू नये, ही गोष्ट मला अजून खटकते. १८०४ ते १८१५ गढवालवर गुरख्यांचा अंमल होता आणि त्यानंतर इंग्रज आले. इंग्रज तर कुणाचं खेचर हरवलं तरी लिहून ठेवत.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

२००४ चा निर्णय आज चुकलेला वाटतो, पण तेव्हाच्या साधनांत तो वेडगळ नव्हता. वाळिंब्यांनी कवट्यांवरच्या घावांबद्दल जे वाचलं ते अजूनही खोटं ठरलेलं नाही. त्या तीन कवट्या गारांच्याच असू शकतात आणि नवव्या शतकातल्या एखाद्या यात्रेवर गारा पडल्याही असतील. चूक वाचनात नव्हती, बेरजेत होती. वय काढण्यासाठी हाडं निवडतानाच ‘ही सगळ्यांची प्रतिनिधी’ असं न म्हणता, मुद्दाम सर्वांत वेगळी दिसणारी हाडं निवडता आली असती: एक उंच माणसाचं, एक बुटक्याचं, एक पाण्यातलं, एक काठावरचं. नवव्या शतकाशी न जुळणारी एखादी तारीख तेव्हाच निघाली असती, तर पुढची पंधरा वर्षं वेगळी गेली असती.

मायटोकॉन्ड्रियाचे मोजके नमुने हातात असताना समाजाचं नाव छापून येऊ देणं मला कमी क्षम्य वाटतं. असं नाव एकदा छापलं की मागे घेता येत नाही. २०१९ नंतरही ते कात्रण काकांच्या फायलीत आहे.

२०१९ च्या कामालाही मर्यादा आहे. शेकडोंपैकी ३८. तेही सुट्या हाडांतून, ज्यांची तळ्याकाठची नेमकी जागा नोंदलेली नाही. भूमध्यवाल्यांची हाडं एका कोपऱ्यात होती की सगळीकडे पसरलेली? ती जुन्या हाडांच्या वर होती का? याचं उत्तर जनुकसंच देत नाही. ते देते जागा. आणि जागेची वाट कुणी लावली, हे मी सांगू शकतो.

ट्रेकिंग करणाऱ्या मराठी पोरांत रूपकुंड वर्षानुवर्षं लोकप्रिय होतं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातली, त्याच्या बऱ्याच आधी आमचा गट वर गेला होता. एका सपाट दगडावर कुणीतरी कवट्या ओळीने मांडल्या होत्या, फोटोसाठी. शेजारी मांडीची हाडं रचलेली. आम्ही हसलो नाही, हळू आवाजात बोललो, आपण फार सभ्य आहोत असं मला वाटलंही. मग पाण्याच्या कडेला अर्धं बर्फात रुतलेलं एक मांडीचं हाड मला दिसलं. मी ते ओढून काढलं. अपेक्षेपेक्षा हलकं होतं आणि खालच्या बाजूला ओलं. दोन्ही हातांत धरून स्वतःच्या मांडीशी लावून पाहिलं. माझ्यापेक्षा लांब होतं. वाटाडा म्हणाला, “भैजी, रख दो, देवी का है.” मी ठेवलं. पण बर्फातल्या त्या खाचेत नाही. दगडावर, बाकीच्यांच्या रांगेत.